परांग ला, किब्बर ते त्सो मोरीरी: ऑगस्ट-सप्टेंबर २०२६ चा बेत, सल्ला हवाय

सोनकी

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिक-पुण्याचे सहा जण, वय अठ्ठावीस ते चोपन्न. सह्याद्रीत वर्षभर भटकतो, हंपटा पास आणि हर की दून झालेत. पण वस्तीशिवाय आठ-दहा दिवस चालायची आणि पाच हजार मीटरवर झोपायची सवय आमच्यापैकी कुणालाच नाही. यंदा परांग ला करायचं मनात आहे. स्पितीतल्या किब्बरहून निघायचं, साडेपाच हजार मीटरहून उंच खिंड ओलांडायची, पारे चू नदीच्या पात्राने खाली यायचं आणि त्सो मोरीरी तलावाच्या काठाकाठाने लडाखमधलं कार्झोक गाठायचं. शंभर किलोमीटरच्या वर चाल आहे.

गणपती यंदा १४ सप्टेंबरला आहेत. त्याआधी घरी पोचायलाच हवं, मखरापासून नैवेद्यापर्यंत सगळं माझ्याकडे असतं. म्हणून २९ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर असा बेत केलाय. चंदीगडपर्यंत विमान, रात्रीच्या बसने मनाली, दुसऱ्या दिवशी अटल बोगद्यातून आणि कुंझुम ला ओलांडून काझा, तिसऱ्या दिवशी किब्बर, चौथ्या दिवसापासून चाल. चालायचे आठ दिवस, एक दिवस राखीव, मग गाडीने लेह आणि विमानाने परत.

हा बेत घाईचा होतोय का? ट्रेकिंग कंपनीकडून जावं की किब्बरमध्येच घोडेवाले आणि वाटाड्या ठरवावेत? नदी किती अवघड आहे? आणि परवान्यांचं काय? जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहिलंत तर फार मदत होईल.

हिमवारी

सोनकी, मार्ग फार सुंदर निवडलात. माझा सगळ्यात लाडका मार्ग आहे, म्हणून थोडं परखड लिहितो. तुमच्या बेतातले चालायचे दिवस ठीक आहेत, चालायच्या आधीचे दिवस अजिबात ठीक नाहीत.

कारण असं. हिमालयातल्या बहुतेक खिंडींच्या ट्रेकमध्ये त्रास झाला तर औषध एकच असतं, खाली उतरा. हंपटाला खिंड ओलांडली की एका दिवसात तुम्ही हजारभर मीटर खाली येता. परांग लाला पलीकडच्या बाजूला 'खाली' नावाची जागाच नाही. खिंडीनंतरचा पहिला मुक्काम जवळजवळ पाच हजार मीटरवर. तिथून तीन दिवस चालून नोर्बू सुमदोच्या मुक्कामाला पोचलात तरी साडेचार हजारांच्या खाली आलेले नसता. त्सो मोरीरीचं पाणी ४,५२० मीटरच्या आसपास, कार्झोक गाव त्याहून थोडं वरच. गाडीत बसून माहे गावाला सिंधूच्या काठी आलात की मगच उंची खऱ्या अर्थाने उतरायला लागते. म्हणजे खिंडीवर कुणाची तब्येत बिघडली तर पुढचा आठवडा तो माणूस त्याच हवेत राहणार. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्माच असतो.

अलीकडची बाजूही सोपी नाही. थलटकच्या मुक्कामाहून वाट एका खोल घळीत उतरते आणि मग पारिलुंगबी नाल्याने बोंगरोचेनच्या मुक्कामाकडे चढते. बोंगरोचेनहून माघारी फिरायचं ठरवलंत तर आजारी माणसाला ती घळ चढून यावी लागते.

म्हणून या ट्रेकचं खरं नियोजन किब्बरच्या आधी होतं. मनालीला २,०५० मीटर, दुसऱ्या रात्री काझाला ३,६५०, तिसऱ्या रात्री किब्बरला ४,२००, चौथ्या-पाचव्या रात्री साडेचार हजारांच्या वर. यात शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. शिमला-किन्नौरमार्गे जा. नारकंडा, कल्पा, ताबो, काझा अशा मुक्कामांनी उंची हळूहळू वाढते. काझाला दोन रात्री, किब्बरला दोन रात्री. सगळे मिळून तीन आठवडे लागतील.

बाकीच्या प्रश्नांवर नंतर लिहितो. आधी रजेचा विचार करा.

पावसाळी_वाट

आम्ही मनालीमार्गेच गेलो होतो. काझाला एक दिवस थांबलो, लगेच किब्बर आणि चालायला सुरुवात. कुणाला काही झालं नाही. रोज पळणारी माणसं असतील तर एवढं घाबरायचं कारण नाही. तीन आठवडे रजा कुणाला मिळते? सिंहगड पाठीवर वजन घेऊन आठवड्यातून दोनदा केला की दम तयार होतो.

हिमवारी

पावसाळी_वाट, तुमचा गट सुखरूप आला याचा आनंदच आहे. पण दम आणि उंचीची सवय या वेगळ्या गोष्टी आहेत. सिंहगड, राजगड-तोरणा, पावसातला हरिश्चंद्रगड यांनी पाय आणि छाती तयार होतात, ते हवंच. कळसूबाई आपल्याकडचं सगळ्यात उंच शिखर, ते १,६४६ मीटर. रोज कळसूबाई केला तरी साडेचार हजार मीटरवर झोपायची तयारी शरीर तिथे करत नाही. उलट तगडी माणसं पहिल्या दोन दिवसांत वेगाने चढतात, डोकं दुखलं तर सांगत नाहीत आणि तीच जास्त अडकतात. हे मी प्रत्येक मोसमात बघतोय.

डॉक_सांगली

हिमवारींशी शंभर टक्के सहमत. वैद्यकीय बाजू थोडी मांडतो.

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या झोपण्याच्या उंचीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढ नको आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर आणखी एक रात्र, हा जगभर मानला जाणारा नियम आहे. दिवसा चढून वर जा, झोपायला खाली या, हे चालतं, किंबहुना चांगलं. मोजायची ती झोपायची उंची.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं हा साधा त्रास. असा त्रास असेल तर वर चढायचं नाही, आहे तिथेच थांबायचं. चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, विचित्र वागणं म्हणजे मेंदूला सूज. सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालायला सांगा. माणूस डळमळला तर रात्र असो वा पाऊस, खाली न्यायचं. बसल्या जागी धाप लागणं, कोरडा खोकला, ओठ निळसर, पुढे गुलाबी फेसाळ थुंकी म्हणजे फुप्फुसात पाणी. इथेही उपाय तोच. सोबत ऑक्सिजन, डेक्सामेथासोन आणि निफेडिपिन असू द्या, पण ती कधी आणि किती द्यायची हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्या. गटातल्या दोघांना तरी ते पाठ हवं. ज्याच्या खिशात तो कागद आहे, नेमका तोच आजारी पडू शकतो.

डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड, उंचीच्या त्रासावरची गोळी. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायला लागायच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त जावं लागतं. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. डायमॉक्स घेतली म्हणजे दिवस वाचवता येतात असा समज कृपया करून घेऊ नका.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर सोबत न्या, पण आकड्यावर सगळं सोडू नका. थंड बोटावर ते भलतंच दाखवतं. माणसाकडे बघा. तो जेवतोय का, नीट बोलतोय का, तंबूच्या दोऱ्यांना अडखळतोय का.

रानजाई

सोनकीच्या गटातली चोपन्न वर्षांची ती मीच. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, तो आटोक्यात आहे. डॉक्टर, मी जावं का? कुणाला माझ्यामुळे थांबावं लागू नये एवढंच मनात आहे.

डॉक_सांगली

रानजाई ताई, वय हा अडसर नाही आणि आटोक्यातला रक्तदाबही आपोआप अडसर ठरत नाही. पण तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना बेत दाखवा, ईसीजी आणि ट्रेडमिल चाचणी करून घ्या. कोणती गोळी चालू आहे ते महत्त्वाचं. काही गोळ्यांबरोबर डायमॉक्स दिली की लघवीवाटे पाणी आणि क्षार जास्त जातात. उंचीवर पहिल्या काही दिवसांत रक्तदाब थोडा वाढतो, म्हणून छोटं यंत्र सोबत ठेवा. आणि 'माझ्यामुळे थांबावं लागू नये' हा विचार घरी ठेवून या. त्रास लपवणारा माणूस गटाला सगळ्यात जास्त धोक्यात घालतो. पहिल्या डोकेदुखीला सांगितलंत तर एक रात्र थांबून काम भागतं.

कातळकडा

नदीबद्दल लिहितो, कारण खिंडीइतकंच लक्ष तिच्याकडे द्यायला हवं आणि लोक देत नाहीत.

पारे चू परांग लाच्या हिमनदीतून निघते. तुम्ही दिवसचे दिवस तिच्या पात्रातून, दगडगोट्यांतून चालता. नोर्बू सुमदोजवळ ती तुम्हाला सोडून पूर्वेकडे वळते, तिबेटमध्ये जाते आणि पुन्हा भारतात येऊन सुमदो नावाच्या दुसऱ्याच गावापाशी स्पिती नदीला मिळते. २००४ मध्ये तिबेटात दरड कोसळून तिच्यावर तलाव तयार झाला आणि जून २००५ मध्ये तो फुटून सतलजच्या खोऱ्यात पूर आला, ती हीच नदी. त्सो मोरीरीकडे जायचं तर तिला कुठेतरी ओलांडावंच लागतं.

हिमनदीचं पाणी रात्री थंडीने कमी होतं, उन्हाने वितळून दुपारनंतर वाढतं. त्यामुळे मुख्य ओलांडणी सकाळीच. नोर्बू सुमदोच्या अलीकडे पोचायला दुपार झाली तर अलीकडेच तंबू ठोका. तिथपर्यंत आलेल्या माणसाला समोरचा मुक्काम दिसत असतो आणि पाणीही फार वाटत नाही. नेमका तोच क्षण धोक्याचा.

अरुंद जागा टाळा. पात्र जिथे पसरून चार-पाच धारांत फुटलंय तिथे ओलांडा. पाणी जास्त पसरतं तिथे खोली आणि ओढ दोन्ही कमी असतात. पाठपिशवीचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर पिशवी टाकता येते. काठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला रोवा, तोंडही तिकडेच, बाजूबाजूने सरका. एकेकट्याने जाऊ नका, तिघातिघांनी खांदे धरून गोल करा, सगळ्यात वजनदार माणूस वरच्या बाजूला. अनवाणी अजिबात नको. तळाचे गोटे गुळगुळीत असतात आणि पाण्याने दोन मिनिटांत पाय बधिर होतात, कुठे ठेवतोय ते कळत नाही. मागे पट्टा असलेले सँडल, आत निओप्रीनचे मोजे. पलीकडे गेल्यावर पाय पुसून कोरडे लोकरी मोजे चढवायचे आणि पाय घासत बसायचं नाही, चालायला लागायचं. चालण्याने लवकर गरम होतात.

घोडे असतील तर सामान त्यांच्यावर सुकं जातं. ज्याला पाण्याची भीती आहे त्याला घोड्यावर बसवून पार करायला घोडेवाले तयार असतात. त्यात कमीपणा काही नाही.

सोनकी

डोळे उघडले. रजेचं बघते. दोघांच्या ऑफिसचा प्रश्न आहे, बाकीचे तयार आहेत. कंपनी की घोडेवाले यावर कुणी सांगेल का? एका कंपनीने फोनवर "ऑक्सिजन असतो हो, काही काळजी नको" एवढंच सांगितलं आणि आगाऊ पैसे मागितले.

हिमवारी

कंपनी असो वा स्थानिक, प्रश्न तेच विचारा. ऑक्सिजनचे सिलिंडर किती आणि किती लिटरचे? वाटाड्याने हा मार्ग स्वतः केलाय का, आणि कधी? दोर किती लांबीचा? खिंडीआधी एखाद्याला परत पाठवायची वेळ आली तर त्याच्याबरोबर कोण जाणार? या शेवटच्या प्रश्नाला थेट उत्तर मिळालं नाही तर पुढे बोलायची गरज नाही.

मी स्वतः किब्बरमधूनच माणसं आणि घोडे घेतो. तिथल्या लोकांचा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रस्ता आहे. स्पितीतले घोडे चामुर्ती जातीचे, अंगाने लहान पण थंडी आणि उंचीला काटक. ते घेऊन लोक याच खिंडीने लडाखला जायचे आणि बदल्यात याक आणायचे. त्यामुळे कोणत्या महिन्यात कुठे भेग उघडते, नदी कुठे पसरते, हे त्यांना विचारावं. मोबाइलमधल्या ट्रॅकवर गेल्या वर्षीची वाट असते, हिमनदी दरवर्षी बदलते.

पैशांबाबत एक गोष्ट आधीच स्पष्ट करा. घोडे कार्झोकला तुम्हाला सोडून त्याच वाटेने परत येतात. त्या परतीच्या दिवसांचे पैसे द्यावे लागतात, आणि ते रास्त आहे. राखीव दिवस वापरला तर त्याचेही. काय ठरलं ते कागदावर लिहा, त्यांच्यासमोर वाचा. आणि सामानाच्या घोड्यांखेरीज एक मोकळा घोडा, खोगिरासकट, शेवटपर्यंत सोबत ठेवा. हा खर्च कुणालाही नकोसा वाटतो, पण आजारी माणसाला थलटकहून किब्बरला न्यायचं किंवा पलीकडे तलावापर्यंत पोचवायचं तर तोच एक उपाय आहे. रुग्णवाहिका तिथे नाही.

हेलिकॉप्टरवर भिस्त ठेवू नका. ते प्रशासन आणि लष्कर यांच्यामार्फत येतं, हवामान बघून येतं, आणि आधी कुणाला तरी निरोप पोचावा लागतो.

घाटमाथा

निरोपाचा विषय निघाला म्हणून. सॅटेलाइट फोन किंवा खिशातले सॅटेलाइट मेसेंजर परवान्याशिवाय भारतात बाळगता येत नाहीत. परदेशातून कुणी आणून दिला म्हणून पिशवीत टाकू नका, विमानतळावर पकडले गेलेत लोक. हा तर सीमेजवळचा भाग. ड्रोनही घरीच राहू द्या.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. सहापैकी दोघांनी तरी वेगवेगळ्या कंपन्यांचं पोस्टपेड घ्या. किब्बर सोडल्यावर मात्र तलावाच्या बाजूला पोचेपर्यंत संपर्क नाही असंच धरून चाला. घरच्यांना एक तारीख लिहून द्या, त्या तारखेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं ते नंबरासकट. माझ्या घरी तो कागद फ्रीजवर असतो.

मोबाइलचं जीपीएस नेटवर्कशिवाय चालतं. नकाशा आधी उतरवून घ्या, फोन विमान मोडवर ठेवा, पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगमध्ये. थंडीने बॅटरी बसते.

परदेशस्थ_मुंबईकर

परवान्यांबाबत विचारायचं होतं. माझ्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड आहे. तारखा जुळल्या तर मला यात सामील व्हायला आवडेल.

घाटमाथा

ओसीआय असलं तरी पासपोर्ट परदेशी, म्हणून त्सो मोरीरीच्या भागासाठी संरक्षित क्षेत्र परवाना लागतो. तो नोंदणीकृत एजंटामार्फत काढावा लागतो, ऐन वेळी काझाला येऊन होईल असं गृहीत धरू नका. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठीचे नियम मधल्या काळात बदललेत, निघण्याच्या महिनाभर आधी काझा आणि लेह दोन्हीकडच्या प्रशासनाच्या कार्यालयांत विचारा. एक राज्य आणि एक केंद्रशासित प्रदेश अशा दोन हद्दी आहेत, एकीकडचं उत्तर दुसरीकडे चालेलच असं नाही. मूळ ओळखपत्र आणि पाच-सहा झेरॉक्स जवळ ठेवा. जवान अडवून विचारतील, नावं लिहून घेतील. शांतपणे द्या. ते तिथे आहेत हे आपल्याच भल्याचं आहे. त्यांच्या चौकीचे फोटो काढू नका.

तूपसाखर

खाण्याचं कुणीच लिहिलं नाही! पाच हजार मीटरवर पाणी साधारण ८३ अंशांना उकळतं. भात, डाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही, कुकर हवाच, आणि कुकरची जादा रिंग व शिट्टी हवीच. थंडीत रिंग कडक होऊन वाफ धरत नाही, आधी कोमट पाण्यात बुडवून मग बसवायची. हे स्वयंपाक्याला माहीत असतंच, पण रिंग तुटली तर तिथे दुसरी मिळणार नाही.

उंचीवर भूक मरते. पहिल्या दोन-तीन दिवसांत मसालेदार, तेलकट काही नको वाटतं. आमच्या गटात मेतकूट-भात आणि वर पातळ केलेलं तूप हे सगळ्यांनी खाल्लं, ज्यांना काहीच जात नव्हतं त्यांनीसुद्धा. गोड्या मसाल्याची मऊ खिचडी, सातूचं पीठ, डिंकाचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की. भाजणी घरून न्या, थालीपीठ राखीव दिवशी होतं. लिंबाचं लोणचं छोट्या डब्यात, तेवढ्याने तोंडाला चव येते. स्पितीत काझाला भाजी मिळते, पण खिंडीपलीकडे बटाटा-कांदाच टिकतो.

गॅसचे छोटे डबे विमानात आणि रेल्वेत न्यायला बंदी आहे. ते मनाली किंवा काझाला शोधत बसण्यापेक्षा किब्बरच्या मंडळींचा रॉकेलचा स्टोव्ह भरवशाचा.

रानजाई

बायकांसाठी एक, कारण हे कुणी विचारत नाही. पलीकडची बाजू उघडी आहे, मैलोन्‌मैल झुडूपही नाही असं ऐकलं. आणि उंचीवर पाळीच्या तारखा बदलतात का?

हिमवारी

पुढच्या सूचना माझ्या बायकोकडून, ती दोनदा आली आहे. शौचाचा छोटा तंबू घोड्यावर टाका, खड्डा खोल खणा आणि पाण्यापासून लांब. चालताना मोठी ओढणी किंवा पोंचो पुरतो. पाळी मागेपुढे होऊ शकते, म्हणून तारीख नसली तरी सगळं सोबत न्या. वापरलेले पॅड पुरायचे नाहीत. तिथे काही कुजत नाही, कोल्हे उकरून काढतात. दुहेरी पिशवीत घालून लेहपर्यंत परत आणायचे. ओले टिश्यू, चॉकलेटचे कागद, औषधांच्या पट्ट्या, सगळ्याला हाच नियम. त्सो मोरीरी २००२ पासून रामसर पाणथळ क्षेत्र आहे. पट्टकदंब तिथे अंडी घालतात, काळ्या मानेचे क्रौंच येतात. पाण्याला लागून तंबू लावू नका, कितीही मोह झाला तरी. आणि तलावाचं पाणी मचूळ आहे, पिण्यासाठी कियांगडोमच्या मुक्कामाला आणि वाटेत येणाऱ्या झऱ्यांवरच भरून घ्या.

काठाच्या वाटेवर चांगपा या भटक्या पशुपालक लोकांचे याकच्या केसांचे काळे तंबू लागतील. बोलावलं तर जा, चहा घ्या. फोटो आधी विचारून. त्यांच्या कुत्र्यांपासून अंतर ठेवा, हाक मारल्याशिवाय तंबूजवळ जाऊ नका.

पावसाळी_वाट

शिमलामार्गाचं एक लक्षात घ्या. ऑगस्टअखेर किन्नौरमध्ये दरडी पडतात, रस्ता दिवस-दिवस बंद राहतो. मनालीची बाजू त्या मानाने... खरं तर तीही बंद पडते. जुलै २०२३ मध्ये त्या बाजूच्या चंद्रताल तलावापाशी अनेक पर्यटक अडकले होते. सप्टेंबर २०१८ मध्ये अचानक बर्फ पडून लाहौल-स्पितीत लोक अडकले. तेव्हा राखीव दिवस हवेत हे मला मान्य आहे.

हिमवारी

अगदी बरोबर मुद्दा. म्हणून किन्नौरमध्ये दरडीने दिवस गेला तर तो काझाच्या फिरण्यातून वजा करा, किब्बरच्या रात्रींतून नाही. ताबोला थांबलात तर मठ बघाच, इ.स. ९९६ मध्ये स्थापन झालेला, मातीच्या भिंतींवरची चित्रं अजून शाबूत आहेत. आणि ते ३,३०० मीटरच्या आत असल्याने झोप चांगली लागते.

सोनकी

सगळ्यांचे मनापासून आभार. चौघांची रजा मंजूर झाली, उरलेल्या दोघांनी पुढच्या वर्षी यायचं ठरवलंय. रानजाई येतेय, चाचण्या नीट आल्या, डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आहे. बदललेला बेत टाकते, चुकत असेल तर सांगा.

२२ ऑगस्टला पहाटेच्या विमानाने चंदीगड आणि गाडीने नारकंडा. २३ कल्पा, २४ ताबो. २५ ला धनकर बघून काझा, २६ ला दिवसा लांग्झा-कोमिक करून झोपायला परत काझा. २७ आणि २८ किब्बर, त्यातल्या दुसऱ्या दिवशी कनामो शिखराच्या वाटेने जेवढं जमेल तेवढं वर चढून खाली यायचं. २९ ला चाल सुरू, डुमला. ३० थलटक, ३१ बोंगरोचेन. १ सप्टेंबरला पहाटे अंधारातच निघून खिंड आणि खारसा गोंगमा. मग दातांग योंगमा, राचोलामो, ४ ला नोर्बू सुमदो, ५ कियांगडोम, ६ तलावाकाठी पण पाण्यापासून लांब, ७ कार्झोक. ८ आणि ९ राखीव. १० ला लेह, ११ ला घरी. हरतालिकेच्या आधी दोन दिवस मिळतात.

मोकळा घोडा ठरवलाय. तो शब्द किब्बरच्या माणसाला सांगितल्यावर त्यांनी लगेच होकार दिला, कंपनीला मात्र पटवावं लागलं होतं.

हिमवारी

बेत छान झालाय. एकच बदल. दोन्ही राखीव दिवस शेवटी ठेवलेत. त्यातला एक थलटकला आणा. तिथे एक जादा रात्र सगळ्यांनी झोपायचं, कुणाला काही होत नसलं तरी. दुसरा शेवटी राहू द्या, नदीसाठी.

आणि थलटकच्या त्या दुसऱ्या संध्याकाळी चौघं बसून प्रत्येकाने तोंडाने सांगायचं: डोकं कसं आहे, जेवण किती गेलं, झोप कशी. डोकेदुखी गोळीने जात नसेल किंवा उलटी होत असेल तर तो माणूस दुसऱ्या दिवशी घोड्यावरून किब्बरला परत, सोबत एक जण आणि एक मदतनीस. हे इथे, घरी बसून ठरवा आणि लिहून ठेवा. तिथे गेल्यावर इतक्या लांबून आल्याचा विचार येतो आणि निर्णय बदलतो. खिंडीच्या या बाजूला परत फिरता येतं, त्या बाजूला फक्त पुढे जाता येतं.

खिंडीच्या दिवशी काळे चष्मे सूर्य उगवायच्या आत डोळ्यांवर, घोडेवाल्यांकडेही आहेत का ते बघा आणि नसतील तर इथूनच जादा घेऊन जा. पलीकडच्या बर्फावर दोर बांधूनच चालायचं, भेगा बर्फाखाली झाकलेल्या असतात.

रानजाई

थलटकला परत फिरायची वेळ माझ्यावर आली तर सोबत कोण येणार हे काल आम्ही ठरवलं. सोनकीचा धाकटा भाऊ येणार आहे. त्यानेच आपणहून सांगितलं.

डॉक_सांगली

उत्तम. औषधांचा कागद तयार झाला की इथे टाका, नावं आणि मात्रा एकदा नजरेखालून घालतो. शेवटचा शब्द अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा.